चहा जरा लवकर आला

कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग बांधावर लागले, हरभऱ्याचे घाटे टपोरले आणि दुपारच्या वाऱ्यात जरा कोरडेपणा आला, की आमच्याकडे माणूस स्वेटर घडी करून ठेवायच्या तयारीला लागतो. या दिवसांत कुणाला काय आठवतं ते ज्याचं त्याला ठाऊक. कुणाला ओल्या हरभऱ्याचा भाजलेला हुळा आठवत असेल, कुणाला गावची जत्रा. मला फॉर्मॅलिनचा वास येतो. खोटं नाही सांगत. एसटीच्या खिडकीतून हरभऱ्याचा आंबूस वास आत येत असतो आणि माझ्या नाकात मात्र बरणीत बुडवून ठेवलेल्या खोडांचा, डोळ्यांत पाणी आणणारा तो वास भरलेला असतो.

हा प्रॅक्टिकल परीक्षांचा हंगाम. कॉलेजच्या प्रयोगशाळा वर्षभर पेंगत असतात, त्या या दिवसांत एकदम खडबडून जाग्या होतात. टेबलं पुसली जातात, मायक्रोस्कोपच्या भिंगांवरची धूळ निघते, नळाला अचानक पाणी येतं. आणि दुसऱ्या गावच्या कॉलेजातून परीक्षा घ्यायला एक मोठी असामी येते. तिला एक्स्टर्नल म्हणतात. गेली काही वर्षं ती असामी मीच असते. मला खुर्ची मिळते, खुर्चीवर टॉवेल टाकलेला असतो, समोर बिस्किटांची बशी येते. मी वडनेर भोलजीच्या माळ्याची पोर, वांगी-टमाट्याच्या वाफ्यातून उठून आलेली. टॉवेलवाली खुर्ची पाहिली की मला अजून हसू येतं, आणि मग माझी नजर आपोआप हॉलच्या मागच्या भिंतीकडे जाते. तिथं एक स्टूल असतं. बहुतेक एक पाय जरा आखूड असलेलं. ते माझं होतं.

बॉटनीत एम.एस्सी. झाले त्या वर्षी मला एका कॉलेजात काम मिळालं. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तिथल्या सरांचे फोन येतील. काम काय, तर प्रॅक्टिकलला मदत करायची. कागदावर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण सगळे म्हणायचे असिस्टंट मॅडम. नेमणूक सीझनपुरती. परीक्षा संपली की मॅडम संपल्या.

माझे बाबा पहाटे नांदुऱ्याच्या बाजारात भाजी घेऊन जात. तिथं कुणी विचारलं, "पोरगी का करते बा?" तर छाती काढून सांगत, "कॉलेजात प्रोफेसर हाये." समोरचा लगेच विचारणार, "पक्की हाये का?" या प्रश्नातून आमच्या जिल्ह्यात कोणाची सुटका नाही. बाबा मग टमाट्याच्या कॅरेटकडे बघत आवाज खाली आणून म्हणत, "नाई, सध्या कच्चीच हाये. पिकन हळूहळू." हे मला घरी आल्यावर सांगायचे आणि स्वतःच हसायचे. मला मात्र राग यायचा. कच्ची म्हणे! वीस पोरांची बॅच एकटी सांभाळून दाखवा म्हणावं.

आणि खरंच एकटीच सांभाळायचे. हेड सर भला माणूस, पण त्यांच्या मागे मीटिंगांचं शुक्लकाष्ठ. ते यायचे, फळ्यावर इंग्रजीत सगळं सुरेख लिहायचे, आकृती काढायचे, खडूचे हात झटकायचे आणि दाराकडे जाता जाता म्हणायचे, "मॅडम, जरा बघून घ्या." ते गेले की पोरं माझ्याकडे बघायची. मग एखादा विचारायचा, "मॅडम, ते का म्हनून गेले सर?" तिथून माझं काम सुरू व्हायचं. सरांचं शिकवणं काही वाईट नव्हतं हो. पण शिकवलेलं पोरांच्या डोक्यात उतरायला मध्ये एक पायरी लागते, आणि ती पायरी म्हणजे मी होते. सरांनी ज्याला लांबलचक लॅटिन नाव दिलं, त्याला मी म्हणायचे, "अरे, हा आपला आघाडा! हरतालिकेला तुझी आई आणायला पाठवते तो." मग सगळ्यांचे चेहरे उजळायचे.

सेक्शन कापायला शिकवणं हा एक वेगळाच उद्योग. झाडाचं खोड बटाट्याच्या फोडीत धरायचं आणि ब्लेडनं त्याचे इतके पातळ काप काढायचे की खालचं अक्षर दिसलं पाहिजे. मग ते काप लाल रंगात बुडवायचे, धुवायचे आणि काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचे. पहिल्या दिवशी पोरांनी जे काप काढले ते पाहून मी कपाळावर हात मारला. "हे काय आहे? सेक्शन आहे की भाकर?" तेव्हापासून वर्गात जाड काप म्हणजे भाकर असंच नाव पडलं. "मॅडम, माही भाकरच होऊन राह्यली!" म्हणून कोपऱ्यातून ओरडा यायचा. सगळ्यांची बोटं त्या लाल रंगानं रंगलेली. साबणानं निघत नाही तो. माझी आई म्हणायची, "तू कॉलेजात जातं का मेंदी काढाले जातं?"

एकदा मी स्टोअरमधून बाहेर आले तर प्रयोगशाळेत भाजक्या हरभऱ्याचा वास. बघते तो काय! दोघा पोरांनी वावरातून हरभऱ्याची पेंडी आणलेली, आणि स्पिरिटच्या दिव्यावर चिमट्यात धरून घाटे भाजणं चाललंय. मी जे काय फैलावर घेतलं एकेकाला! "लाज नाही वाटत? ही काय बांधावरची शेकोटी आहे?" पोरं माना खाली घालून उभी. मग त्यातला एक हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी बी ठेवले हायेत." आता बोला! दार लोटून घेतलं आणि खाल्ले. चांगले भाजले होते, स्पिरिटचा जरा वास लागत होता एवढंच.

त्या बॅचमध्ये प्रज्ञा होती. रोहिणखेडची. खरं तर ती त्या वर्गाची नव्हती. आदल्या वर्षीच तिचं सगळं व्हायला हवं होतं. सगळे पेपर सुटले होते, एक प्रॅक्टिकल राहिलं होतं. मी तिचा हात पाहिला आणि मला कोडंच पडलं. इतके पातळ, इतके नितळ काप सबंध बॅचमध्ये कुणाचे नव्हते. मग ही नापास कशी झाली? हेड सरांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, तोंडी परीक्षेत बसली ती नुसती गप्प. एक्स्टर्नलनी पाच प्रश्न विचारले, ही एक शब्द बोलली नाही. मार्क द्यायचे तरी कशाचे?"

मी म्हटलं, बघू. तिला समोर बसवलं आणि विचारलं, "हे काय दिसतंय?" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मायक्रोस्कोपकडे, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. डोळ्यांत सगळं उत्तर दिसत होतं, पण तोंडाला कुलूप. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. काही नाही. ही मुलगी मैत्रिणींमध्ये चांगली चुरूचुरू बोलायची, खिदळायची. पण समोर कुणी शिकलेलं माणूस येऊन प्रश्न विचारायला लागलं की संपलं.

यावर औषध सापडलं ते सुखदेव मामांमुळे. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. बरण्या पुसायच्या, पाणी भरायचं, सरांचा चहा आणायचा. चारचौघांत ते मला मॅडम म्हणत आणि कुणी नसलं की पोरी. एक दिवस ते फडकं घेऊन टेबल पुसत होते. प्रज्ञा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली. मामांनी सहज विचारलं, "का दिसून राह्यलं वं त्याच्यात एवढं? घंटाभराची पाहून राह्यली." आणि प्रज्ञा मान न वळवता सांगायला लागली. "मामा, हे झाडाचं खोड हाये. आडवं कापेल. ही बाहेरची साल. हे जे लाल लाल कडं हाये ना, त्या पानी वर न्यायच्या नळ्या. जमिनीतून पानी असं वर चढते." मामा म्हणाले, "मंग मोटर कोन लावते?" ती हसली आणि तेही समजावून सांगितलं. मी स्टोअरच्या दारात हातात बरणी घेऊन उभी. मला वाटलं, अग बाई, हिला तर सगळं येतं!

दुसऱ्या दिवसापासून मी नियमच करून टाकला. ज्याचा सेक्शन तयार झाला त्यानं तो सुखदेव मामांना समजावून सांगायचा. मामांनी "हाव, समजलं" म्हटलं तरच ते प्रॅक्टिकल झालं. मामांना आधी वाटलं मी चेष्टा करते. मग त्यांना त्याची अशी गोडी लागली की विचारता सोय नाही. हातातलं फडकं खांद्यावर टाकून ते एकेका टेबलाशी जायचे, एक डोळा मिटून भिंगातून बघायचे आणि हमखास म्हणायचे, "मले त सारं लालच दिसून राह्यलं बा." तिथून त्या पोराची परीक्षा सुरू. कुणी पाठ केलेलं इंग्रजी फेकलं तर मामा सरळ सांगायचे, "हे तू कोनाले सांगून राह्यला बे? माह्याशी माह्या भाषेत बोल." पोरं हसून बेजार व्हायची, पण बोलायला शिकली. प्रज्ञा तर मामांची लाडकीच झाली. तिचं ऐकताना ते मध्ये बोलायचेच नाहीत.

पण माझ्यासमोर अजूनही तेच. मी विचारलं की गप्प. मामांना सांगणं वेगळं आणि एक्स्टर्नलला सांगणं वेगळं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. परीक्षा जवळ येत चालली तशी ती उलट जास्तच मिटत गेली.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. तिची मोताळ्याकडची, माझी नांदुऱ्याकडची. मी जरा चिडूनच विचारलं, "प्रज्ञा, येतं सगळं, मग बोलत काऊन नाहीस वं?" तिनं चपलेनं मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाली, "मॅडम, शाळेत असतानी एकदा इन्स्पेक्शनले साहेब आल्ते. त्याईनं इचारलं, मी सांगतलं. सारे हासले. साहेब बी हासले. म्हने, कुठली भाषा बोलतेस गं तू? तवापासून कोनी साहेब दिसला की जीभ टाळूले चिकटते." मी म्हटलं, "असल्या हसण्याला काय किंमत द्यायची?" त्यावर ती म्हणाली, "तुमाले नाई समजनार. मी नापास झाली त घरी कोनी मले मारत नाई. पन मायनं संगं वावरात तन निंदनाऱ्या साऱ्या बायाईले सांगून ठेवलं हाये, माही पोरगी मास्तरीन होनार. मागच्या वर्षी राह्यली तवा तिनं कोनाले सांगतलंच नाई. अजून बी म्हनते, निकाल लागाचा हाये. अवंदा बी राह्यलं त ती पुन्हा का सांगन?" तेवढ्यात तिची गाडी लागली आणि ती पळाली. मी घरी पोचेपर्यंत त्या निंदणाऱ्या बायांचाच विचार करत होते. वर्ष उलटून गेलं, एवढ्यात निकाल लागत नाही असं कुठं असतं, हे काय त्यांना कळत नसेल? कळत असणारच. तरी विचारत नसतील बिचाऱ्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हेड सरांनी मला बोलावून बजावलं. "मॅडम, तुमचा जीव पोरांमध्ये गुंतलेला असतो, मला माहीत आहे. पण उद्या तोंड उघडायचं नाही. पाणी, ब्लेड, रंग, स्लाइड बघायचं. एक्स्टर्नलच्या समोर असिस्टंटनं बोललेलं चालत नाही." मी म्हटलं, "हो सर." चूक काही नव्हतं त्यांचं. परीक्षा ती परीक्षाच. 

एक्स्टर्नल सर आले ते मूळचे पुण्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. आल्या आल्या त्यांना कचोरी, मग चहा. आमच्याकडे पाहुण्याला कचोरी न खाता काम सुरू करू देत नाहीत. मला वाटलं होतं कुणीतरी करडा माणूस येईल. हे तर अगदी मऊ बोलणारे. तुम्हाला सांगते, मला जास्तच धास्ती वाटली. रागावणाऱ्या माणसापुढे आमची पोरं एक वेळ चिडून तरी बोलतात, मऊ शुद्ध बोलण्यापुढे ती विरघळून जातात.

पोरं एकामागून एक जात होती. भाकर कुणाचीच झाली नाही. मी मागच्या भिंतीशी, स्टुलाच्या आखूड पायाखाली कागदाची घडी सरकवून बसलेली. कुणाला पाणी हवं की ऊठ, कुणाचं ब्लेड बोथट झालं की ऊठ. प्रज्ञाला आघाड्याचं खोड आलं होतं. मी लांबूनच तिचा काप पाहिला. देखणा होता. आणि मग तिचा नंबर आला.

सर भिंगातून बघून म्हणाले, "वा! सेक्शन छान घेतलायस. आता सांग पाहू, काय वैशिष्ट्य आहे याचं?"

प्रज्ञा गप्प.

"बाळा, घाबरू नकोस. जे येतं ते सांग. अगदी सोपं आहे."

तिची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट.  सरांनी प्रश्न फिरवून विचारला, आणखी सोपा करून विचारला. हेड सर खिडकीबाहेर बघायला लागले. एक्स्टर्नल सरांनी नाइलाजानं पेनाचं टोपण काढलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मला ओरडावंसं वाटलं, अहो सर, तिला येतं, सगळं येतं! पण तोंड उघडायचं नाही. पाणी, ब्लेड, रंग, स्लाइड. याखेरीज असिस्टंटला बोलायची परवानगी कशाची असते? मी क्षणभर विचार केला. आणि एक गोष्ट आठवली.

मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "मामा, सरांचा चहा आणा."

हेड सरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, कारण सरांचा दुसरा चहा होऊन फार वेळ झाला नव्हता. पण पाहुण्याच्या चहाला नाही कोण म्हणणार? सुखदेव मामा ट्रे घेऊन आत आले. कप टेबलावर ठेवला. ठेवताना त्यांचं लक्ष प्रज्ञाच्या चेहऱ्याकडे गेलं. काय समजायचं ते त्यांना समजलं की रोजची सवय आड आली, देव जाणे. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, एक डोळा मिटला, सरांच्या समोरच्या त्या भिंगात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे का हाये वं पोरी? मले त सारं लालच दिसून राह्यलं."

हेड सर अर्धवट उठले. आणि प्रज्ञा बोलायला लागली.

"मामा, हा आघाडा हाये. हे बाहेरचं कडं पाहा. नळ्या असतात ते कडं. साऱ्या झाडाईले असते. याच्यात एकाभवती एक लय कडी होत जातात, ते बी येगळंच हाये. पन तुमी मधी पाहा. मधी भेंड हाये, नरम. भेंडात नळ्या असाले नाई पायजे. याच्यात दोन हायेत. दिसले का? समोरासमोर, दोन डोये असल्यावानी. दुसऱ्या झाडात हे असं नाई सापडत. म्हनून हा साऱ्याईतून वळखू येते."

"हाव," मामा म्हणाले, "समजलं." आणि ट्रे उचलून चालू लागले.

एक्स्टर्नल सरांनी कप उचललेला होता. तो त्यांनी तसाच धरून ठेवला होता, ओठाला लावलाच नव्हता. मामा दारातून बाहेर पडले तेव्हा ते म्हणाले, "प्रज्ञा, ही जास्तीची कडी कशी तयार होतात, ते मला सांगशील? मामांना सांगितलंस तसंच सांग. मला समजतं." आणि तिनं सांगितलं. आधी अडखळत, मग सरळ, आमच्या बोलीत, मधूनमधून इंग्रजी शब्द पेरत. सरांनी एकदाही हसून पाहिलं नाही. 

संध्याकाळी सर निघताना मी त्यांची बॅग गाडीपर्यंत नेली. तेही असिस्टंटचंच काम. गाडीत बसता बसता ते म्हणाले, "मॅडम, चहा जरा लवकर आला आज." मी बॅग त्यांच्या हातात दिली. ते हसले नाहीत, फक्त मान हलवली आणि गाडी गेली. सुखदेव मामांना विचारलं तर म्हणाले, "मी का केलं पोरी? चा देल्ला." आजपर्यंत त्यांनी यापलीकडे कबूल केलेलं नाही.

परीक्षा संपली आणि मीही संपले. बरण्यांची झाकणं घट्ट लावली, मायक्रोस्कोपवर कापडं घातली, स्टोअरची किल्ली मामांकडे दिली. हेड सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." ते बघू म्हणजे नाही, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. स्टँडवर येईपर्यंत डोळे कोरडे ठेवले आणि गाडीत बसल्यावर खुशाल रडले. ज्या पोरांना बोलायला शिकवलं त्यांच्या निकालाच्या दिवशी मी त्या कॉलेजची कुणीही नसणार होते. अजूनही हे आठवलं की वाईट वाटतं, आणि राग येतो. माणूस काय बटाट्याची फोड आहे, सेक्शन निघाला की टाकून द्यायला?

उन्हाळ्यात एक दिवस आमच्या वडनेरच्या घरी प्रज्ञा आणि तिची आई आल्या. मिठात घोळलेली नवी चिंच घेऊन. प्रज्ञा पास झाली होती. प्रज्ञाच्या आईनं आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले. तिच्या तळव्यांना कापसाच्या बोंडांनी पडलेले चरे हाताला लागले. बाबांनी वांगी काढून दिली, माझ्या आईनं चहा ठेवला. बोलता बोलता त्या माउलीनं विचारलं, "मॅडम, तुमी पक्क्या झाल्या का?" मी म्हटलं, "नाही हो. ते काम त्या सीझनपुरतंच होतं." तिनं चिंचेची पिशवी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "मंग आमच्या पोरीपुरत्याच आल्त्या म्हना तुमी." बाबा माझ्याकडे बघत होते. त्या दिवसानंतर त्यांनी बाजारात मला कच्ची म्हटल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.

पुढे बरीच वर्षं अशीच गेली. या कॉलेजात एक सीझन, त्या कॉलेजात दोन. मग अकोल्याला मी एकदाची पक्की झाले आणि खुर्ची मिळाली. खुर्ची वाईट वस्तू आहे हो. तिच्यात बसलं की माणसाचं बोलणंही आपोआप टॉवेल टाकल्यासारखं होतं.

हे मला कळलं यंदा. एक्स्टर्नल म्हणून आमच्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गेले होते. दारात प्रज्ञा उभी. फोनवर बोललो होतो, तिला इथं काम मिळाल्याचं माहीत होतं, तरी मला भरून आलं. तिनं एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं. आई आता निंदायला जात नाही, पण त्या बायांना भेटायला जाते म्हणे. "पक्की का?" मी विचारलं. माझ्याच तोंडून तो प्रश्न निघाला आणि मला माझीच लाज वाटली. ती हसली. "नाई मॅडम. सीझनपुरतीच." कचोरी आली, चहा आला, बिस्किटं आली. मी खुर्चीत बसले आणि ती मागच्या भिंतीशी स्टुलावर.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एक उंचापुरा मुलगा समोर आला. हात मोठे, पण काप सुरेख. मी विचारलं, काय दिसतंय? तो गप्प. मी पुन्हा विचारलं. त्याच्या कपाळावर घाम. मी पुढे वाकले आणि जितकं मऊ, जितकं शुद्ध बोलता येईल तितकं बोलले.

"बाळा, घाबरू नकोस. अगदी सोपं आहे."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझे मलाच ओळखीचे वाटले. ते कुठं ऐकले होते ते आठवेपर्यंत, मागून, स्लाइड पुसता पुसता, एक आवाज आला.

"काका, मॅडमचा चहा आना."

माझा आधीचा कप समोरच होता, अजून अर्धा भरलेला. इथले शिपाई काका आत आले, खांद्यावर फडकं. कप ठेवला, त्या पोराच्या खांद्यावरून भिंगात डोकावले आणि म्हणाले, "का हाये बे हे? मले त काईच नाई दिसून राह्यलं." पोरानं एक मोठा श्वास घेतला आणि त्यांच्याकडे वळला.

मी मागे पाहिलं नाही. प्रज्ञाकडे पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि एक्स्टर्नलनं रडलेलं चालत नाही. मी कप उचलला. चहा केटलीत केव्हाचा पडून होता, पार गार झालेला. तरी त्या पोराचं सांगून होईपर्यंत मी त्यावर फुंकर मारत राहिले.